चांदाची तारीख आणि रात्रीची गरी



आमच्या देवळाली कॅम्पला समुद्र नाही. दारणा नदी आहे, धरणाचे गोडे पाणी आहे; पण खारे पाणी पाहायचे तर घाट उतरून शे-दीडशे किलोमीटर जावे लागते. तरीही इथल्या कितीतरी घरांचे समुद्राशी नाते आहे. कुणाची सून दापोलीकडची, कुणाचे आजोळ रत्नागिरीला, कुणाची खाला श्रीवर्धनला दिलेली. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुले कोकणात जातात आणि परतताना पायाला खडपाचे ओरखडे व तोंडात एकच विषय घेऊन येतात: रात्रीची गरी.

अशाच एका घरातल्या भगिनीने गेल्या महिन्यात विचारले, "मुलगा चौदा वर्षांचा आहे. मामूबरोबर रात्री गरी टाकायला जाऊ का म्हणतो. वर्तमानपत्रात खडकावरून वाहून गेलेल्या मुलांच्या बातम्या वाचते आणि छातीत धडधडते. पाठवू की नको?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. रात्री किनाऱ्यावर नेमके काय चालते, पाणी कधी चढते, कधी उतरते, हे आईला कळले तर तिचे उत्तर तिला स्वतःलाच सापडेल. म्हणून या महिन्याचे सदर त्यासाठी.

किनाऱ्यावरची आपली माणसे

कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारी म्हटले की कोळी, गाबीत, खारवी, भंडारी ही नावे लोकांना आठवतात. त्यांच्याच बरोबरीने दालदी मुसलमान आहेत. १८८० साली छापलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद सापडते. रत्नागिरीतला राजिवडा, मिरकरवाडा आणि खाडीकाठची अनेक गावे या लोकांनी जागती ठेवली. घरात जाळे विणायचे, होडी हाकायची, आणि बाईने टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग.

मोठी होडी प्रत्येकाकडे नसते. ज्याच्याकडे ती नाही, त्याच्यासाठी किनारा आहे. गरीला लागते काय? एक तंगूस, दोन-तीन गळ, शिशाचा तुकडा आणि आमिषाला कोळंबीचे तुकडे. पागाला थोडा अधिक खर्च येतो. पाग म्हणजे गोल जाळे. कडेने शिशाचे मणी, मध्यभागी दोरी. उथळ पाण्यात उभे राहून ते असे फेकायचे की हवेत छत्रीसारखे उघडेल आणि पाण्यावर सपाट पडेल. शिसे तळाला जाते आणि मासे आत अडकतात. पाहायला सोपे वाटते. पण पाग नीट उघडू लागायला महिने जातात.

या साधनांनी मिळणारी मासळी लहानच असते. खाडीच्या मुखाशी बोय आणि शेवटे, वाळूच्या तळावर मुडदुशी, खडपाच्या कपारीत लहान तांबोशी, गढूळ पाण्यात ढोमी आणि शिंगाळी. कधी पेडव्यांचा थवा काठाला लागला तर नशीब. हा मासा परदेशी जात नाही आणि बर्फाच्या पेटीतून नाशिकलाही येत नाही. तो त्याच रात्री किंवा सकाळच्या न्याहारीला घरात शिजतो. ज्या घरात त्या दिवशी मजुरी मिळालेली नसते, त्या घराचे कालवण त्यावर होते. छंद म्हणून गरी टाकणारा पाहुणा आणि घरच्या कालवणासाठी गरी टाकणारा माणूस एकाच खडपावर बसलेले असतात, हे शहरातल्या मुलाला आधी सांगून ठेवावे.

रात्रच का?

दिवसा काठाच्या उथळ पाण्यात लहान मासा फार बुजरा असतो. वरून पक्षी टिपतात आणि माणसाची सावली पडली तरी तो पळतो. अंधार पडला की तो चरायला काठाशी येतो. कोळंबी आणि बारीक खेकडेही रात्रीच बाहेर पडतात, त्यांच्या मागे मासा येतो. शिवाय अंधारात त्याला तंगूस आणि जाळ्याचे धागे दिसत नाहीत. म्हणूनच पाग टाकणारे जुने लोक चांदण्या रात्रीपेक्षा अंधारी रात्र पसंत करतात.

उजेडाची गोष्ट वेगळी. पाण्यावर दिवा धरला की पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव उजेडाकडे गोळा होतात. त्यांना खायला बारीक मासे येतात आणि त्यांच्या मागे त्यांच्याहून मोठे. पूर्वी सुक्या चुडतांची चूड पेटवून लोक ओहोटीच्या पाण्यात खेकडे आणि मासे शोधत. मग कंदील आला, गॅसबत्ती आली, आता कपाळावर बांधायची विजेरी आली. जपानमध्ये बंदराच्या धक्क्यावरच्या दिव्याखाली रात्री एक-दोन ग्रॅमचे वजन लावून 'अजी' नावाचा लहान मासा धरायचा मोठा शौक आहे. मिरकरवाड्याच्या आणि जपानच्या धक्क्यावरचा नियम एकच: दिव्याखाली लहान मासा, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर त्याहून मोठा.

चांद पाहून भरती काढा

आता मुख्य मुद्दा. समुद्राचे घड्याळ चंद्रावर चालते, आणि आपल्या घरातले हिजरी कॅलेंडरही चंद्रावरच. त्यामुळे रमजान आणि ईदसाठी आपण जी तारीख पाहतो, तीच भरती काढायला उपयोगी पडते.

दिवसातून साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दर दिवशी भरती पाऊण-पन्नास मिनिटे उशिरा. यावरून कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेले असते.

आपल्याकडे चांद बहुधा द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो आणि चौदावीचा चांद पूर्ण असतो. म्हणून चांदाच्या तारखेत एक मिळवला की जवळपास तिथी मिळते. बेरीज पंधराच्या वर गेली तर त्यातून पंधरा वजा करायचे. मग पाऊणपट.

चांदाची ७ तारीख असेल तर ७ अधिक १ म्हणजे ८, पाऊणपट ६. भरती सहा वाजता.

चांदाची ११ असेल तर १२, पाऊणपट ९. भरती नऊ वाजता.

चांदाची २८ असेल तर २९, वजा १५ म्हणजे १४, पाऊणपट साडेदहा. भरती साडेदहाला.

हा हिशेब ढोबळ आहे. चांद एक दिवस मागे-पुढे दिसला तर पाऊण तासाचा फरक पडतो. मुंबई, रत्नागिरी, मालवण यांच्या वेळाही अगदी एक नसतात. नेमकी वेळ हवी तर त्या बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. पण मोबाईलची रेंज गेली, कोष्टक जवळ नाही, अशा वेळी हा हिशेब डोक्यात असलेला बरा. ओहोटीला कालवे आणि मुळे काढायला जाणाऱ्या बायका तो बोटांवर करतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. पाणी खूप चढते, खूप उतरते आणि जोराने वाहते. अष्टमीच्या आसपास भांग असते. पाणी थोडेच हलते. पाणी वाहते तेव्हा अन्न हलते आणि मासा खातो. पाणी थांबले की गरी थंड पडते. त्यामुळे जाणता माणूस उधाणाचे दिवस आणि चढते पाणी धरून जातो.

इथेच आईने लक्ष द्यायचे आहे. चांदाच्या २८ तारखेला दुपारी चारनंतर पाणी चढू लागते आणि रात्री साडेदहाला पूर्ण भरते. मगरिबनंतर खडपावर गेलेला मुलगा चांगला मासा लागतो म्हणून बसून राहतो. तो परतायला निघतो तेव्हा समुद्र त्या पंधरवड्यातल्या सर्वांत उंच पातळीच्या जवळ असतो. जाताना ज्या वाटेने कोरड्या पायाने गेला, ती वाट पाण्याखाली असते. अंधार आहे, शेवाळ आहे, लाट आहे. मासे लागण्याची वेळ आणि वाट बुडण्याची वेळ एकच असते. खडपावरचे कित्येक अपघात एवढ्या एका कारणाने होतात, आणि पोहता येणाऱ्यांचेही होतात. खडकावर आपटणाऱ्या लाटेत पोहणे कामाला येत नाही.

याच हिशेबातून उपायही निघतो. चांदाची ७ किंवा २२ तारीख घ्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती होऊन जाते आणि मध्यरात्रीपर्यंत पाणी उतरत राहते. मगरिबनंतर गेलेल्या मुलाची वाट दर तासाला अधिक मोकळी होत जाते. भांगेचे पाणी असल्याने मासा कमी लागेल, हे खरे. पण शिकणाऱ्या मुलासाठी हेच दिवस योग्य.

पाठवायचे असेल तर

मुलाला रात्री पाठवण्यापूर्वी पुढच्या गोष्टी पाहाव्यात. यातली एकही वगळता येण्यासारखी नाही.

बरोबर त्या किनाऱ्याचा जाणता माणूस हवा. जागा त्याने दिवसा, पूर्ण भरतीच्या वेळी पाहिलेली असावी. जी जागा आणि वाट भरतीतही कोरडी राहते तीच रात्री निवडावी. खडप ओला दिसला तर लाट तिथवर पोहोचते असे समजावे, मग समोर समुद्र कितीही शांत दिसो. गेल्या गेल्या बसू नये. पंधरा-वीस मिनिटे उभे राहून पाणी पाहावे. लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत, बऱ्याच लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या येतात.

समुद्राकडे पाठ करू नये. तंगूस हाताला किंवा कमरेला गुंडाळू नये. गळ अडकला तर तो सोडवायला पाण्यात उतरू नये, तंगूस कापून टाकावा. विजेऱ्या दोन असाव्यात. घरात परतण्याची वेळ सांगून जावे आणि ती पाळावी. मासे लागत आहेत ही सबब घरी चालणार नाही, हे आधीच ठरवावे.

कुणी पाण्यात पडले तर मागून उडी मारू नये. अशा वेळी वाचवायला गेलेलाच अनेकदा बुडतो. दोरी फेकावी, झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा, उजेड त्याच्यावर धरून ठेवावा आणि ११२ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करावा. हे दोन आकडे मुलाकडून पाठ करून घ्या.

मे महिन्याचा उत्तरार्ध आणि पावसाळा यांत मुलाला खडपावर पाठवूच नये. आकाश निरभ्र असले तरी दूरच्या वादळाची फुगलेली लाट किनाऱ्याला लागते. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. तो इशारा असेल त्या रात्री गरी भिंतीला टांगलेली बरी. आपल्या शाळांची सुट्टी नेमकी मे महिन्यात येते, म्हणून हे मुद्दाम सांगते. मुलाला गरी शिकवायला दिवाळीची आणि नाताळची सुट्टी अधिक चांगली.

शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना विष असते. पाकटाच्या शेपटीलाही. काटा टोचला तर जखम धुवून तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवावा. उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो आणि वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासावे, नाही तर त्वचा भाजेल. काटा खोल गेला असेल, सूज वाढत असेल किंवा दम लागत असेल तर थेट दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये. जाळ्यात लांबट, चपट्या शेपटीचा साप आला तर त्याला हात लावू नये. समुद्री साप विषारी असतात.

काठाचा मासा कमी का झाला

कोकणात कुठेही म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. पूर्वी एका पागात जेवढे येत होते तेवढे आता रात्रभर बसून येत नाही, असे तो सांगेल. त्याची कारणे काठावर कमी आणि खोल पाण्यात जास्त आहेत.

वर दिव्याचा नियम सांगितला. एका कंदिलाने चार मासे येतात. पण मोठ्या नौकेवर जनरेटर लावून प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडले आणि सभोवती पर्ससीन जाळे टाकले, तर थवेच्या थवे एका वेळी उचलले जातात. त्यात विकण्याजोगे मासे असतात, तशी त्यांची पिल्लेही असतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१६ मध्येच पर्ससीनवर निर्बंध आले होते. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन दंड वाढले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून त्याहून लहान पिल्ले पकडण्यास मनाई झाली. कायदे आहेत. पाळले जातात का, हा किनाऱ्यावरचा रोजचा भांडणाचा विषय आहे. ज्याच्याकडे होडीच नाही तो या भांडणात सर्वांत मागे उभा असतो. त्याला मासळी जेट्टीवर नव्हे, गुडघाभर पाण्यात लागते, आणि तिथवर काही पोहोचलेच नाही तर त्याची तक्रार कुठे नोंदली जात नाही.

खाडीची तिवरेही तितकीच महत्त्वाची. बोय, कोळंबी, तांबोशी यांची पिल्ले तिवरांच्या मुळांत वाढतात. तिवरे तोडून भराव टाकला की पुढच्या वर्षांचा मासा त्याच भरावाखाली जातो.

आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा आपल्या हातात थोडे असते, पण काहीच नाही असे नाही. बोटाएवढा मासा लागला तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडावा. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणावा. खडपावर राहिलेल्या नायलॉनच्या धाग्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. जेवढे त्या रात्री घरात खपेल तेवढेच धरावे. रोजी अल्लाह देतो. ती नासवण्याचा अधिकार आपल्याला नाही. बाजारात पापलेटची नखाएवढी पिल्ले स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. घेणारा आहे तोवर धरणारा थांबणार नाही, आणि हे देवळालीच्या बाजारात उभे राहूनही करता येते.

ताटात

घाटावरची आपली घरे बहुतेक हनफी आणि कोकणी घरे शाफई. कोळंबी आणि खेकड्यावरून सासर-माहेरात थोडी चर्चा होते. लहान खवल्याच्या माशाविषयी मात्र कुठेच वाद नाही. त्याचे पोषणही मोठे. पेडवे, मांदेलीसारखे बारीक मासे काट्यासकट चावून खाता येतात, त्यातून हाडांना चुना मिळतो. वाढत्या मुलांना आणि बाळंतिणीला तो हवाच. पापलेटपेक्षा स्वस्त मासा म्हणून त्याला कमी लेखू नये. अगदी लहान मुलांना मात्र काटे काढूनच द्यावेत.

करायची रीत सोपी. मासे साफ करून हळद-मीठ लावा. ओले खोबरे, लाल मिरची, धणे आणि लसूण बारीक वाटा. वाटणात पाणी घालून उकळी आणा, चार आमसुले टाका, मग मासे सोडा. सात-आठ मिनिटे पुरेत. डाव घालून ढवळू नका, भांडे दोन्ही हातांनी धरून हलवा म्हणजे मासा मोडत नाही. बरोबर तांदळाची भाकरी. नाशिककडे ताजा बारीक मासा मिळाला नाही तर याच वाटणात सुकट किंवा सुके बोंबील धुवून घालावेत. तेव्हा मीठ हात राखून.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे. मामू जाणते असतील, जागा भरतीतही कोरडी असेल, चांदाची तारीख उतरत्या पाण्याची असेल आणि समुद्राचा इशारा नसेल, तर मुलाला जरूर पाठवा. यातले एक जरी नसेल तर नाही म्हणा, आणि का नाही तेही सांगा. त्यापूर्वी त्याला कॅलेंडरसमोर बसवा आणि ज्या दिवशी जायचे त्या दिवसाची भरती त्याच्याकडूनच काढून घ्या. किती वाजता पाणी पूर्ण भरेल, किती वाजता उतरेल, परतताना वाट कशी असेल, हे त्याने तुम्हाला सांगितले पाहिजे. नुसते "काही होत नाही अम्मी" एवढेच उत्तर आले, तर तो अजून तयार नाही असे समजा.

तुमच्या किनाऱ्यावर भरती मोजण्याची वेगळी रीत असेल, लहान माशांची वेगळी नावे असतील तर जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकांत सर्वांना सांगू, इन्शाअल्लाह.